मी खोडलेले सहा एकडे

पत्रकात माफी मागायची नसते, हे मी पहिल्याच शिबिरात शिकले. चूक झालीच तर पुढच्या पत्रकात दुसरं काहीतरी खरं, आणखी मोठ्या टायपात छापायचं. गेली पाच-सहा वर्षं मी डहाणू आणि तलासरी तालुक्यांत पत्रकं लिहिते, वाटते आणि ज्यांनी ती वाचायला हवीत त्यांच्या टेबलापर्यंत पोचवते. रस्ता, दवाखाना, रेशन, बस, पाणी. माझ्या पत्रकांत उद्गारचिन्हं फार असतात अशी तक्रार आहे. असतात! नळाला पाणी आलं की पूर्णविराम देईन.

तरीही एका पत्रकाबद्दल इथे कबुली द्यायची आहे. त्याच्या मथळ्यात एकच संख्या होती, ती सरकारी नव्हती, माझी होती, आणि तीच चुकली. पत्रकाची मागणी होती, 'आमच्या शाळेला गणिताचा शिक्षक द्या!' हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सरावलीपासून चारोटीच्या नाक्यापर्यंत सगळ्यांचं हसून झालेलं आहे.

शाळा डहाणूच्या किनाऱ्यालगतची. आमची म्हणते, कारण मीही तिथेच शिकले. आजूबाजूच्या सतरा पाड्यांतली मुलं तिथे येतात. काही पाडे होडीवर जगणाऱ्यांचे, काही आतल्या बाजूला, दुसऱ्यांच्या चिकूवाड्यांत राबणाऱ्यांचे. दोन वर्षांपूर्वी शाळेतले गणिताचे सर तलासरीकडच्या एका शाळेत गेले. तिथे गणिताला कुणीच नव्हतं म्हणून तीन महिन्यांची तात्पुरती सोय. तीन महिने संपले, वर्ष संपलं, दुसरंही संपत आलं, सोय तात्पुरतीच राहिली. कागदावर सर आमचे, अंगाने तलासरीत. विचारायला गेलं की उत्तर तयार, "तुमच्याकडचं पद भरलेलं आहे." पद भरलेलं आणि खुर्ची रिकामी! दहावीला गणित घ्यायचे ते पी.टी.चे सर. माणूस सरळ. फळ्यावर उदाहरण उतरवायचे आणि मुलांना म्हणायचे, "बघा, कुणाला जमतंय का." स्वतःला जमत नाही हे त्यांनी कधी लपवलं नाही. आमच्या तालुक्यात एवढा प्रामाणिकपणाही पुष्कळ झाला.

शाळेच्या समितीवर एक मावशी होती. सख्खी नव्हे, शेजारची. पण लहानपणापासून मी तिला मावशीच म्हणते. सकाळी बंदरावर माल उचलायचा, बाजारात बसायचं, दुपारी सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलायचे, हा तिचा दिवस. तिची मुलगी दहावीत. मुलीला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं आणि पहिल्या चाचणीत तिला गणितात वीसपैकी चार पडले होते. मावशी तो पेपर घेऊन माझ्याकडे आली. पेपराला सुक्या मासळीचा वास होता, कारण तो दोन दिवस तिच्या कमरेच्या पिशवीत होता.

"हे बघ गो बाय," ती म्हणाली. "माझी पोर हुशार हाय का ढ हाय, ते पण कळत नाय. कुणी शिकवलंच नाय तर कळणार कसं?"

"मी पत्रक काढते," मी म्हणाले.

"काढ. पण या टायमाला असं काढ का कुणीतरी वाचंल."

हा टोमणा मी गिळला. माझी पत्रकं लोक वाचतात. पहिल्या परिच्छेदापर्यंत तर नक्कीच.

आमच्या संघटनेची खोली स्टेशनपासून जवळ आहे. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काका राहतात. तेही सख्खे नाहीत. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, आता निवृत्त. मालगाडीला प्रत्येक एक्सप्रेससाठी बाजूला उभं राहावं लागतं. कधी अर्धा तास, कधी तीन तास. सगळ्यात शेवटच्या डब्यात हा एकटा माणूस, शेजारी झेंडी आणि मांडीवर वही. दुसरा कुणी असता तर पेपर वाचला असता. काका समोरच्या रुळावरच्या वाघिणीवर, म्हणजे मालडब्यावर, रंगवलेला लांबलचक नंबर उतरवून घ्यायचे आणि त्याला कशाने भाग जातो ते शोधत बसायचे. तीनने, सातने, अकराने, तेराने. बऱ्याचदा भाग जायच्या आधी सिग्नल मिळायचा. जिला कशानेच भाग जात नाही अशी संख्या सापडली की त्या दिवशी ते घरी जिलेबी आणायचे, असं काकू सांगतात. वर्षाला तीन-चारदा जिलेबी व्हायची.

मी त्यांना एकदा चांगलंच सुनावलं होतं. "काका, तुमच्या या संख्यांचा गरिबांना उपयोग काय?"

"काहीच नाही," काका म्हणाले. "श्रीमंतांनाही नाही. बघ, सगळ्यांना सारखी वाटलेली ही एकच गोष्ट आहे. यावर पत्रक काढ."

तर मावशीचा पेपर बघून झाल्यावर त्याच संध्याकाळी मी वर गेले. कामासाठी गेले होते, स्टेपलर मागायला. काका खिडकीशी बसून वहीत एकडे काढत होते. एकाला लागून एक, बोंबील टांगावेत तसे.

"हे काय?"

"मोजून बघ. एकोणीस आहेत. एकोणीस एकडे ओळीने लिहिले की जी संख्या होते ती मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, एवढं सोडलं तर जगातली कुठलीही संख्या तिला निःशेष भाग देऊ शकत नाही."

"तुम्ही देऊन बघितला?"

"मी? हाताने करायला बसलो तर शंभर कोटींच्या पुढपर्यंतचे भाजक तपासावे लागतील. ते काम संगणकाचं. मी फक्त बघत बसतो. देखणी आहे की नाही?"

मला देखणेपणाचं काही नव्हतं. मला मथळा दिसत होता! इतके लहान लहान एकडे, एकटा एकटा घेतला तर कुणी विचारत नाही, आणि रांगेत उभे राहिले की कुणाच्या बापाला त्यांचे तुकडे करता येत नाहीत. सहा वर्षांत मी लिहिलेल्या सगळ्या घोषणा या एका ओळीपुढे मिळमिळीत होत्या.

"कुठल्या रांगेला भाग जात नाही, हे ओळखायचं कसं?" मी विचारलं.

काका खुलले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना संख्येबद्दल आपणहून काही विचारलं होतं. "सहा डब्यांची गाडी घे. ती तीन-तीनच्या दोन तुकड्यांत सोडवता येते, बरोबर? तसंच सहा एकड्यांचं. एक लाख अकरा हजार एकशे अकरा. म्हणजे एकशे अकरा गुणिले एक हजार एक. रांगेतल्या एकड्यांची संख्या सारख्या तुकड्यांत तुटत असेल तर ती अख्खी मोठी संख्याही तुटते. म्हणून सहा, आठ, नऊ, पंधरा असल्या रांगा सोडूनच द्यायच्या. रांगेची लांबी न तुटणारी हवी."

"सतरा?"

"सतराचे तुकडे पडत नाहीत. पण..."

सतरा! सतरा पाडे! मी स्टेपलर उचलला. प्रेस साडेसहाला बंद होतो आणि सव्वासहा झाले होते. मागून काका काहीतरी बोलत होते, काकू चहा घेऊन बाहेर येत होत्या, आणि मी जिना उतरत होते. माझं गणित सूर्यप्रकाशाइतकं लख्ख होतं. लांबी तुटली तर संख्या तुटते. सतरा तुटत नाही. म्हणून सतरा एकड्यांची संख्या तुटत नाही. यात चूक काय आहे, सांगा. नाही ना सांगता येत? मलाही नव्हती आली.

प्रेसवाले शेठ गुजराती आहेत. माझी पत्रकं ते उधारीवर नाही पण सहानुभूतीने छापतात. मी मजकूर त्यांच्या हातात दिला आणि पहिली ओळ मोठ्यात मोठ्या टायपात घ्या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रूफ बघायला गेले तर एकडे कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेले.

"शेठ, हे किती घातलेत?"

"ओहो, ए मॅटर छे? मला वाटला बॉर्डर छे," शेठ म्हणाले. "डिझाइन समजून आख्खी लाइन भरली. बरी दिसते बेन, राहू द्या ना."

मी बोटाने मोजले. तेवीस. माझा पारा चढला. शेठना मी उभ्या उभ्या भाषण दिलं. एक पाडा म्हणजे एक एकडा, ही काही नक्षी नाही, यामागे शास्त्र आहे, तुम्हाला वाटेल तसे एकडे घालून चालणार नाही! शेठनी तोंड बारीक करून सहा एकडे खोडले आणि म्हणाले, "दोन्ही बाजू रिकामी दिसेल, मी आधीच बोलतो."

पत्रक निघालं. वर सतरा एकडे. खाली, 'या संख्येला कुणीही भाग देऊ शकत नाही! आम्हालाही नाही!! सतरा पाड्यांची एकच मागणी, गणिताचा शिक्षक!!!' मग दोन वर्षांची हकिगत, तारखांसकट.

आणि खरं सांगते, असं पत्रक मी पुन्हा काढू शकेन असं वाटत नाही. लोक ते हातात घेऊन थांबायचे, कारण एकडे मोजायचा मोह कुणालाच आवरत नव्हता. चारोटीच्या हॉटेलांत ट्रकवाले मोजत होते. कोसबाडच्या रस्त्यावर एका आजोबांनी मला थांबवून सांगितलं की त्यांना अठरा लागतात. आम्ही दोघांनी पुन्हा मोजले. बाजारात मावशी तर गिऱ्हाइकाला आधी पत्रक द्यायची, मग मासळी. "सतरा एक! कुणी तोडून दाखवा!" असं ती सुरमईचे तुकडे करता करता ओरडायची. आठ दिवसांत सतराच्या सतरा पाड्यांतून सह्या आल्या आणि आम्हाला भेटीची वेळ मिळाली. ज्या कार्यालयात मिळाली त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिथल्या साहेबांचा दोष कमी आणि माझा जास्त आहे.

भेटीच्या आदल्या दिवशी दुपारी काका खोलीत आले. ते कधी खाली उतरत नाहीत, गुडघे दुखतात. हातात पत्रक होतं. काकूंनी ते भाजीबरोबर आणलं होतं.

"अगं, हे सतरा कुठून आले? मी एकोणीस म्हणालो होतो."

"तुम्हीच म्हणालात सतराचे तुकडे पडत नाहीत."

"सतराचे पडत नाहीत. सतरा एकड्यांचे पडतात!"

"असं कसं?"

"मी सांगत होतो, तू स्टेपलर घेऊन पळालीस. लांबी तुटली तर संख्या तुटते, हे खरं. पण लांबी नाही तुटली तर संख्या तुटणार नाही असं कुणी सांगितलं? पाच घे. पाच तुटतात का? नाही. आणि अकरा हजार एकशे अकरा म्हणजे एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एकडे? दोनशे एकोणचाळीसने भाग जातो. अकरा, तेरा, सतरा, सगळ्यांना जातो. दोन एकडे, म्हणजे आपले साधे अकरा, ते मूळ. मग थेट एकोणीस. मग तेवीस. मग तर तीनशे सतरापर्यंत काहीच नाही."

"तेवीस?"

"तेवीस एकड्यांची मूळ आहे. का?"

शेठची बॉर्डर बरोबर होती. नक्षी म्हणून घातलेले तेवीस एकडे जगातल्या कुठल्याही संख्येने तुटणारे नव्हते, आणि मी शास्त्राच्या नावाने ओरडून त्यांतले सहा खोडले होते.

"कशाने भाग जातो सतराला?" मी शेवटी विचारलं.

काकांनी वही उघडली. ही त्यांची स्वतःची शोधाशोध नव्हती, कुठल्याशा जुन्या पुस्तकातून उतरवून घेतलेलं होतं. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. आणि दुसरा अवयव दहा आकडी, 5363222357. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," काका म्हणाले. "तुमच्यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत ना? गुणून बघ."

मोबाईलवर केलं तर उत्तराचं शेपूट कापून दाखवतो. म्हणून कागद घेतला. सात आकडी संख्येने गुणायचं म्हणजे सात ओळी. त्यांतली शून्याची फुकट, सातची ओळ दोनदा, दोनची दोनदा. म्हणजे खरं काम कमीच. तरी पहिल्यांदा मधेच एक आठ निघाला. दुसऱ्यांदा ओळी सरकल्या. काका समोर बसून होते, काकूंनी वरून पाठवलेला चहा माझ्या वाटचाही पीत होते. तिसऱ्यांदा मी बेरीज उजवीकडून सुरू केली. एक. हातचे दोन आधीच वरच्या ओळीत जिरलेले. मग सात आणि चार अकरा, एक लिहिला. मग एक. मग पुन्हा एक. ओबडधोबड आकड्यांच्या सहा ओळी होत्या, एकीचा दुसरीशी संबंध नाही, आणि खाली एकामागून एक नुसते एकडे उतरत होते. सातव्या-आठव्या एकड्याला मी बेरीज करायची थांबवली आणि काकांकडे बघितलं.

"पूर्ण कर," ते म्हणाले. "थांबायचं नसतं."

सतरा झाले. मी त्या कागदाकडे बघत बसले. राग यायला हवा होता, सवयीने तरी. आला नाही. दहावीत मला हे कुणी दाखवलं असतं तर, एवढंच आलं मनात. माझ्या दहावीलाही आमच्याकडे गणिताला सर नव्हते, तेव्हा कारण वेगळं होतं. मी पस्तीस मार्कांवर सुटले आणि गणिताशी बोलणं टाकलं.

संध्याकाळी मावशीला सांगितलं. तिने बोंबील गोळा करायचे थांबवले नाहीत.

"म्हणजे मी आठ दिवस बाजारात खोटं ओरडले?"

"हो."

"आणि आता?"

"आता काही नाही. पत्रकात चूक कबूल करायची नसते. साहेबांना कुठे कळणार आहे? विषय काढलाच तर म्हणायचं की ती उपमा होती."

मावशीने माझ्याकडे असं बघितलं जसं ती शिळा माल ताजा म्हणून खपवणाऱ्याकडे बघते. "माझी पोर चुकली का मी तिला काय सांगते? खोडून परत लिही. तू काय वेगळी हायस? नेत्या झालीस म्हणून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कार्यालयात. साहेब निवृत्तीच्या जवळ आलेले, चष्मा कपाळावर. टेबलावर आमच्या सह्यांचा गठ्ठा होता आणि वर पत्रक.

"हे कुणी लिहिलं?"

"समितीने," मी म्हणाले.

"हिनंच," मावशी म्हणाली.

"असं आहे," साहेब म्हणाले, "इकडे यायच्या आधी मी बारा वर्षं गणित शिकवत होतो. त्यामुळे पहिल्या ओळीवरून खाली यायला मला जरा वेळच लागला. तुम्ही म्हणता या संख्येला भाग जात नाही. ते तर खोटं आहे. खाली म्हणता दोन वर्षं वर्ग रिकामा आहे. आमच्या नोंदीत पद भरलेलं आहे. पहिलंच वाक्य खोटं असेल तर दुसरं खरं कसं धरू मी?"

आवाजात कडवटपणा नव्हता. उलट डोळे हसत होते. पण हात गठ्ठ्यावर होता, आणि तो हात गठ्ठा आमच्याकडे परत सरकवायच्या बेतात होता, हे मला दिसत होतं. माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. एक, ही उपमा आहे. दोन, तुम्ही मुद्द्याला बगल देताय. तीन, हा कष्टकऱ्यांचा अपमान आहे! तिसरं नेहमी चालतं. मी तोंड उघडलं आणि मावशीचं कोपर माझ्या बरगडीत लागलं.

"खोटं आहे साहेब," मी म्हणाले आणि घडी घातलेला गुणाकाराचा कागद काढला. "काल मी स्वतः गुणून बघितलं. पण चूक कुणाची आहे ते बघा. मी याच शाळेत शिकले. मला दहावीला गणिताला शिक्षक नव्हता. म्हणून मला हे खरं वाटलं, आणि सतरा पाड्यांत ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांनाही खरंच वाटलं. एकानेही येऊन सांगितलं नाही की बाई, हे चुकलंय. तुमच्या नोंदीत काहीही असो. हा आमचा वर्ग आहे."

सहा वर्षांत कुठल्याही टेबलासमोर मी 'मला येत नाही' म्हटलेलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा खाली ओढला आणि कागद घेतला. मला वाटलं वरवर बघतील. ते ओळ न्‌ ओळ बघत गेले, हातचे मोजत. मग पेन काढून त्याच कागदाच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. "हे बघा. या दोन्ही अवयवांना चौतीसने भागलं तर बाकी काय उरते? एक. याचीही एक, त्याचीही एक. चौतीस म्हणजे सतराची दुप्पट. या संख्येचा कुठलाही अवयव असाच निघणार, दुसरा निघूच शकत नाही." ते आता आमच्याशी बोलत नव्हते, बहुतेक एखाद्या जुन्या वर्गाशी बोलत होते. "आणि सतराला भाग जात नाही म्हणून हिलाही जात नाही, असं धरलंत ना? ही चूक म्हणजे व्यत्यास. प्रमेय खरं म्हणून त्याचा व्यत्यासही खरा, असं धरून चालायचं नाही. दहावीच्या पुस्तकात हा शब्द आहे."

"तेच शिकवायला माणूस मागतोय साहेब," मावशी म्हणाली. "तुम्हीच येता का? लय भारी समजावता."

साहेब हसले आणि मग गंभीर झाले. नवीन माणूस मिळणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी वर दोनदा लिहिलं होतं, त्याच्या प्रती दाखवल्या. सरांना परत बोलावलं तर तलासरीची मुलं तशीच उघडी पडणार, तिथेही दहावी आहे. एकच करता येईल. सोमवार ते बुधवार सर तिकडे, गुरुवार ते शनिवार तुमच्याकडे. तोंडी नाही, लेखी आदेश.

"अर्धा शिक्षक!" मी उठलेच. "साहेब, आमची मागणी पूर्ण शिक्षकाची आहे. हे आम्हाला मान्य नाही. आम्ही सतरा पाडे..."

"बस खाली," मावशी म्हणाली.

"मावशी, एकदा अर्ध्यावर हो म्हटलं की पूर्ण कधीच मिळत नाही!"

"तुझं पत्रक पुढच्या वर्षी पण निघंल गो. माझ्या पोरीची दहावी पुढच्या वर्षी नाय निघणार." मग साहेबांकडे वळून, "द्या. गुरुवारपासून द्या. आणि उरलेल्या तीन दिवसांसाठी ही भांडंल तुमच्याशी, तिला तेवढंच काम हाय."

साहेबांनी त्याच टेबलावर आदेश लिहून घेतला. मी बसून राहिले. तत्त्व माझ्या बाजूचं होतं आणि मार्च महिना मावशीच्या.

सर गुरुवारी आले. तलासरीकडून येणारी बस शाळेच्या वेळेला नाही (यावर पत्रक लवकरच), म्हणून मासळी घेऊन तिकडे जाणारा आमच्याच गावचा टेम्पो येताना त्यांना घेऊन आला. टेम्पो रिकामा होता, वास नव्हता रिकामा. सर उतरले, शर्ट झटकला, वर्गात गेले आणि पहिल्याच तासाला परीक्षा घेतली. अख्ख्या वर्गाला काहीच जमलं नाही. दुपारी मावशी माझ्यावर धावून आली, "यासाठी आणलास होय हा माणूस?" सरांनी तिला शांतपणे सांगितलं की मुलं कुठपर्यंत पोचलीत ते बघायचं होतं, सातवीपर्यंत पोचलीत, तिथून सुरू करतो. मुलीच्या पेपरावर त्यांनी मार्क दिले नव्हते. समासात प्रत्येक उदाहरणापुढे, कितव्या पायरीवर घसरली, तेवढं लिहिलं होतं. मुलगी दोन दिवस तो कागद समोर ठेवून घसरलेल्या पायऱ्या परत परत लिहीत बसली. मग तिने आईला विचारलं की शनिवारी शाळा सुटल्यावर सर जादा तास घेणार आहेत, थांबू का.

हे विचारणं साधं नव्हतं. शनिवारी बाजार मोठा, आणि शनिवारी दुपारपासून मुलगी मावशीच्या शेजारी बसायची. मासळी साफ करायची, गिऱ्हाईक सांभाळायची. त्या दोन हातांवर मावशीचा शनिवार चालायचा.

मावशीने मार्चपर्यंतचे शनिवार बोटांवर मोजले. मग म्हणाली, "थांब." आणि माझ्याकडे बघून, "सरांना कुणी आणलं? हिनं आणलं. शनिवारी हिला बसवते."

मला वाटलं, बोलते झालं. शनिवारी बाराला तिने माणूस पाठवून बोलावून घेतलं. टोपली उचलताना माझी मान लचकली. भाव सांगायला बसवलं तर एक गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, मासळी विकताय की मोर्चा काढताय?" मावशी म्हणाली, ओरडू नको, लोक घाबरून पलीकडच्या बाईकडे जातात. दुसरं पापलेट मी कमी भावात दिलं, तेव्हा तिने मला भावावरून उठवलं.

चारच्या सुमाराला मुलगी शाळेतून आली. दप्तर पाठीवर, हाताला पेनाची शाई. घासाघीस करणाऱ्या दोन बायका, साचलेली कोलंबी, हे सगळं एका नजरेत बघून तिने दप्तर खाली ठेवलं आणि सवयीने कोलंबीच्या भांड्याकडे हात नेला. मावशीने तो हात मध्येच धरला.

"सरांनी घरी करायला काय दिलंय?"

"बारा गणितं."

"मग जा. ती कर."

"आई, एवढी कोलंबी..."

"ही हाय ना," मावशीने माझ्याकडे हनुवटी केली आणि भांडं माझ्यापुढे सरकवलं. मुलगी निघाली. पहिल्याच कोलंबीचं टोक माझ्या बोटात घुसलं आणि मी हात झटकला.

"हळू सोल," मावशी म्हणाली. "मार्चपर्यंत हेच करायचंय तुला."